अठरा वर्षांआतील मुले आणि स्कूटर: दुखापती, प्रथमोपचार, कायदा आणि पालकांची जबाबदारी

दहावीचा निकाल लागला, अकरावीचा क्लास घरापासून चार-पाच किलोमीटरवर निघाला, की बऱ्याच घरांत एकच तोडगा काढला जातो. आईची किंवा बाबांची स्कूटर मुलाच्या हाती येते. "आमचा मुलगा सातवीपासून चालवतो", "गल्लीतल्या गल्लीतच जाते", "हेल्मेट देतो ना आम्ही" अशी वाक्ये दवाखान्यात नेहमी कानावर पडतात. गुडघे खरचटलेला मुलगा समोर बसलेला असतो आणि शेजारी उभे असलेले आईवडील हे सांगत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ वर्षे या वयोगटात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हे आहे. या वयात आपण ताप, कावीळ, डेंग्यू यांची जेवढी काळजी करतो, तेवढी गाडीच्या किल्लीची करत नाही. हा लेख त्या किल्लीविषयी आहे. दुखापती कशा होतात, अपघातानंतर काय करावे, डॉक्टरांना काय सांगावे, कायदा काय म्हणतो आणि घरात कोणते नियम असावेत, हे सर्व यात क्रमाने दिले आहे.

गाडी 'येणे' आणि रस्त्यावर गाडी चालवता येणे

विनागिअरची स्कूटर शिकायला एक-दोन दिवस पुरतात. क्लच नाही, गिअर नाही. तोल सांभाळला आणि मूठ पिळली की गाडी पुढे जाते. ज्याला सायकल येते त्याला ही गाडी लगेच 'येते', आणि इथेच पालकांचा गैरसमज होतो. तोल सांभाळणे हा गाडी चालवण्याचा सर्वांत सोपा भाग आहे. उभ्या रिक्षातून कोणीतरी अचानक उतरेल हे ओळखणे, ट्रकच्या डाव्या बाजूला न घुसणे, वळणाआधी आरसा पाहणे, ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबणे, समोरच्याने हॉर्न वाजवला तरी चिडून वेग न वाढवणे, हे सगळे शिकावे लागते. गल्लीत फेऱ्या मारून यातले काहीच येत नाही.

स्कूटरची स्वतःची काही वैशिष्ट्येही आहेत. चाके लहान असल्यामुळे ती खड्ड्यात सहज अडकतात. गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास असते, म्हणजे चालवणाऱ्या मुलाच्या दुप्पट. घाबरल्यावर नवशिक्याची मूठ आवळली जाते आणि ब्रेकऐवजी गाडी उसळी घेते. पायाजवळ दप्तर ठेवले असेल तर पाय चटकन जमिनीवर टेकवता येत नाहीत.

या वयातल्या मेंदूत काय चालू असते?

मुलगा हुशार आहे, अभ्यासात पुढे आहे, म्हणून तो जपूनच चालवेल असे नाही. मेंदूचा पुढचा भाग परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे आणि धोका तोलणे ही कामे करतो. त्याची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. थरार आणि कौतुक यांना प्रतिसाद देणारे भाग मात्र किशोरवयातच जोरात काम करू लागतात. त्यामुळे एकटा असताना सिग्नलला थांबणारा मुलगा मागे मित्र बसला की तोच सिग्नल तोडतो. या वयाची जडणघडणच तशी आहे. वाईट संस्कारांना याचा दोष देण्यात अर्थ नाही. ट्रिपल सीट, रील काढत चालवणे आणि शर्यत लावणे यांची सुरुवात बहुतेक वेळा सोबतीमुळे होते.

यात झोपेची भर पडते. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे सहाचा क्लास असे वेळापत्रक असेल, तर मुलगा अर्धवट झोपेतच गाडीवर बसतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी "गाडी चालवू नका" असे सांगितले असेल, तर ती सूचना मुलांनाही लागू आहे.

वेगाचे साधे गणित

गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक लागला असे धरले तर थांबायला आणखी १२ मीटर लागतात, म्हणजे एकूण २९ मीटर. वेग ताशी ६० असेल तर हेच अंतर सुमारे ५३ मीटर होते. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि माती यांचा थर असतो, तेव्हा ते याहून वाढते.

दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ताशी ४० किलोमीटर वेगाने आदळणे हे इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. "हळूच चालवतो" असे म्हणताना ही तुलना लक्षात ठेवावी.

कोणत्या दुखापती होतात?

- डोक्याला मार: सर्वांत गंभीर दुखापत. बाहेरून जखम दिसत नसतानाही कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो.
- मनगट, कॉलर बोन आणि नडगीचे हाड मोडणे: पडताना हात पुढे टेकवला जातो, त्यामुळे मनगटाला इजा होते. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर तेथील लहान हाडाचा मोड पहिल्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. दुखणे राहिले तर पुन्हा दाखवा. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत हाडाच्या टोकाजवळील वाढीच्या भागाला इजा झाली, तर पुढे हाड वाकडे किंवा आखूड राहू शकते.
- पोटाला हँडलचा मार: प्लीहा, यकृत किंवा मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पोटावर फक्त छोटासा वळ दिसतो आणि त्रास काही तासांनी सुरू होतो.
- खरचटणे: डांबरावर घासून कातडी निघते. जखमेत माती आणि खडी राहिली तर ती चिघळते. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. धनुर्वाताची लस १० आणि १६ व्या वर्षी दिली जाते. ती झाली आहे का, हे डॉक्टरांना सांगावे.
- सायलेन्सरचा चटका: पोटरीवर भाजल्यास २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये.
- ओढणी चाकात अडकणे: यात गळ्याला फास बसू शकतो. ओढणी, स्कार्फ आणि साडीचा पदर बांधून घेतल्याशिवाय गाडीवर बसू नये, मागेसुद्धा.

हेल्मेट: किती उपयोग, कसे घ्यावे?

अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांनुसार हेल्मेटमुळे दुचाकीच्या अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतका फायदा देणारी उपाययोजना आम्हा डॉक्टरांच्या हातीही फार थोड्या आजारांत असते.

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि 'आयएस ४१५१' हा क्रमांक असावा. बांधकामावर घालतात तशी टोपी चालत नाही. डोके हलवल्यावर हेल्मेट फिरू नये. पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा आणि त्यात जेमतेम दोन बोटे जावीत. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी उडून जाते. बाबांचे मोठे हेल्मेट मुलाला चालत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बदलावे, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा धक्का सोसत नाही.

तरीही हेल्मेट हे लायसन्सला पर्याय नाही. ते डोके वाचवते. पोट, पाय आणि समोरून येणारा पादचारी यांना ते वाचवू शकत नाही.

अपघात झाला तर पहिली दहा मिनिटे

१. आधी रस्त्यावरची वाहतूक थांबवा किंवा वळवा, म्हणजे दुसरा अपघात होणार नाही.
२. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ वर फोन करा. ठिकाणाची ठळक खूण सांगा.
३. जखमी मुलगा बोलत असेल तर त्याला हलू देऊ नका. मान वळवू नका. ओढून उठवून बसवू नका.
४. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका, फक्त काच वर करा. श्वास अडकत असेल किंवा उलटी होत असेल, तर एकाने मान आणि जबडा स्थिर धरावा व दुसऱ्याने हेल्मेट हळूच सरळ काढावे.
५. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहू नका.
६. पाणी, चहा, काहीही पाजू नका. शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे असणे गरजेचे असते.
७. जखमीला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मणक्याला इजा असेल तर या प्रवासात ती कायमची होऊ शकते.

मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती आता बाळगू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सद्हेतूने मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळाले आहे. रुग्णालयानेही पोलीस येईपर्यंत तातडीचे उपचार थांबवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमींना नेमून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. रुग्णालयात त्याची चौकशी जरूर करा.

डॉक्टरांना खरे सांगा

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा लिहितो आहे. मुलाकडे लायसन्स नसते, म्हणून अनेक घरांत ठरवून सांगितले जाते, "बाथरूममध्ये घसरला", "जिन्यावरून पडली". कधी मुलगाच घरी खोटे सांगतो आणि पालक तेच आम्हाला सांगतात.

जखम कशी झाली यावरून आम्ही तपासण्या ठरवतो. बाथरूममध्ये घसरलेल्या, हसत-बोलत आलेल्या मुलाला आम्ही तपासून, सूचना देऊन घरी पाठवू शकतो. तोच मुलगा चालत्या गाडीवरून हेल्मेटशिवाय फेकला गेला असेल, तर त्याला काही तास देखरेखीखाली ठेवण्याचा किंवा सिटी स्कॅन करण्याचा विचार करावा लागतो. हँडल पोटात लागले हे कळले तर पोटाची सोनोग्राफी होते. "जिन्यावरून पडला" या वाक्याने हा सगळा विचारच बाजूला पडतो.

वाहन अपघाताची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून करावी लागते आणि पोलिसांना कळवले जाते, हे खरे आहे. पण दंड भरता येतो. मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळला तर ते भरून काढता येत नाही. मुलांनाही आधीच सांगून ठेवा: "पडलास तर आधी फोन कर. आम्ही ओरडू, पण नंतर. आधी दवाखाना."

ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या, जर

- थोडा वेळ जरी शुद्ध हरपली असेल किंवा अपघात कसा झाला हे आठवत नसेल
- एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या असतील
- डोकेदुखी वाढत असेल
- मुलगा गुंगीत असेल, जागे करायला त्रास होत असेल, विचित्र वागत किंवा असंबद्ध बोलत असेल
- फिट आली असेल
- नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येत असेल
- डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, दोन-दोन दिसत असेल
- हात किंवा पाय लुळा पडला असेल, मुंग्या येत असतील, मान दुखत असेल
- पोट दुखत असेल, फुगले असेल, लघवीतून रक्त येत असेल किंवा डाव्या खांद्यात विनाकारण दुखत असेल
- श्वास घेताना छातीत कळ येत असेल

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. काही वेळा मुलगा आधी बेशुद्ध पडतो, मग पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि काही तासांनी पुन्हा गुंगीत जातो. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठत असल्याची ही खूण असू शकते. मधल्या वेळेतले "आता बरा आहे" हे वाक्य फसवे ठरते. डोक्याला मार लागल्यानंतर पहिले २४ तास मुलाला एकटे ठेवू नका.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोपू द्यायला हरकत नाही. सांगितलेल्या वेळी उठवून पाहा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पहिले एक-दोन दिवस विश्रांती द्या आणि मोबाइल कमी ठेवा. नंतर हळूहळू अभ्यास आणि चालणे सुरू करा. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, लक्ष न लागणे हे त्रास काही आठवडे राहू शकतात. ते पूर्ण जाईपर्यंत सायकल, मैदानी खेळ आणि गाडी बंद. मेंदू सावरण्याआधी पुन्हा मार बसणे फार धोक्याचे असते.

कायदा काय सांगतो?

- गिअरची किंवा विनागिअरची नेहमीची दुचाकी चालवायला वय १८ पूर्ण हवे. १६ व्या वर्षी पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स मिळते ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीसाठी. आपल्या घरातल्या स्कूटर साधारण ११० ते १२५ सीसीच्या असतात, म्हणून त्या लायसन्सवर त्या चालवता येत नाहीत.
- अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ पासून कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लर्नर लायसन्स मिळत नाही.
- चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. ट्रिपल सीट बेकायदा आहे.
- लायसन्स नसलेल्या चालकाने दुसऱ्याला धडक दिली, तर विमा कंपनी दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण वैध लायसन्स असेल तरच लागू होते.

पालकांनी काय करावे?

*अठरापूर्वी:* किल्ली दिसेल अशी लटकवून ठेवू नका. "दूध आणायला जा" म्हणून पाठवू नका. नियम एकदा आपणच मोडला की मग तो उरत नाही. क्लास निवडताना शिक्षकांच्या नावाइतकाच येण्या-जाण्याच्या मार्गाचा विचार करा. चार-पाच घरांनी मिळून रिक्षा ठरवणे, एसटीचा किंवा शहर बसचा पास, सायकल, पालकांनी पाळीपाळीने सोडणे, यांतले काहीतरी जमते. खेड्यात बस नीट वेळेवर नसते, ही अडचण खरी आहे. अशा ठिकाणी पालकांनी शाळा-महाविद्यालयाकडून एकत्रित अर्ज करून वेळ बदलून घ्यावी.

*अठरानंतर:* लर्नर लायसन्स काढा. ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. हे दिवस फक्त वाट पाहण्यात घालवू नका. या काळात शिकवणाऱ्या परवानाधारक व्यक्तीशिवाय मागे कोणालाही बसवता येत नाही, गाडीवर 'एल' लावावे लागते. आधी मोकळ्या मैदानात ब्रेक, मग दुपारच्या कमी गर्दीत, मग संध्याकाळी, शेवटी पावसात आणि अंधारात, अशा क्रमाने शिकवा. पहिले काही महिने मित्रांना मागे न बसवण्याचा घरचा नियम ठेवा.

*आरोग्याच्या बाजूने:* डोळे तपासून घ्या. २५ मीटरवरची नंबर प्लेट स्पष्ट वाचता आली पाहिजे. चष्मा असेल तर तो घालूनच गाडी. फिट येत असतील किंवा चक्कर येऊन पडण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गाडी शिकवायला सुरुवात करू नका.

पालक नेहमी विचारतात

*इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही ना?*
ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या गाड्यांनाच ही सूट आहे. बाकीच्या इलेक्ट्रिक गाड्यांना नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागते. सूट असलेल्या गाडीवरही हेल्मेट हवेच, कारण रस्ता तोच आहे.

*मी मागे बसतो, मुलगी चालवते. मग चालेल?*
नाही. मागे बसलेल्याच्या हाती ना ब्रेक असतो ना हँडल. पडलात तर दोघेही पडाल.

*सगळेच चालवतात. एकट्यालाच अडवले तर मुलगा रुसतो.*
रुसेल. "अठरा झाल्यावर मी स्वतः शिकवीन" असे तारखेसह सांगा आणि ते पाळा. नुसता नकार मुलांना टोचतो. पुढची तारीख ठरलेली असली की ती थांबायला तयार होतात. आणि आपण स्वतः हेल्मेट न घालता, राँग साइडने चौक ओलांडत असू, तर मागे बसलेला मुलगा दहा वर्षे तेच शिकत आलेला आहे. त्याचे पहिले ड्रायव्हिंग स्कूल आपल्याच गाडीची मागची सीट असते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. डोक्याला, मानेला किंवा पोटाला मार लागला असेल तर फोनवर सल्ला घेत न बसता प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.*